सातव्या महिन्यात पाय सुजतात आणि टाचा दुखतात; पादत्राणे कशी निवडावीत?

गरोदरपणात रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे अस्थिबंध सैल होतात, त्यातच वजन वाढत असल्याने तळपायाची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांबी-रुंदीला वाढते. म्हणून जुन्या मापाचा हट्ट न धरता दोन्ही पावले नव्याने मोजून घ्यावीत. खरेदी शक्यतो संध्याकाळी करावी, कारण दिवसभराची सूज तेव्हा पायांत उतरलेली असते. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. उंच टाचा टाळाव्यातच, पण अगदी सपाट, पातळ तळाची चप्पलही टाचेला त्रास देते. दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच, कमानीला आधार आणि मागे पट्टा असलेली वेल्क्रोची सँडल मला सर्वांत सोयीची वाटते, कारण पोट पुढे आल्यावर वाकून नाडी बांधणे हेच एक काम होऊन बसते.

ओट्यापाशी फार वेळ उभे राहू नये. अधूनमधून कुशीवर पडून पाय उशीवर ठेवावेत आणि घोटे गोल फिरवावेत. चेहरा व हात एकाएकी सुजले, डोके फार दुखू लागले, नजर अंधुक झाली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.