सीएसआरमध्ये जायचंय? आधी हजेरीपट वाच

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला बांधकाम कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागात काम करायचंय. बाबा म्हणतात, "तो झाडं लावून फोटो काढायचा विभाग. इंजिनिअर होऊन तिथे कशाला जायचं?" मी लगेच समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

उत्तर : बाबांचं म्हणणं झटकून टाकू नकोस. कित्येक कंपन्यांत हा विभाग खरोखरच तेवढाच असतो. मुलाखतीला गेलीस की एवढंच विचार : तुमचा विभाग कुणाच्या हाताखाली येतो? उत्तर 'प्रसिद्धी विभागाच्या' असं आलं, तर बाबा बरोबर. ठेकेदार निवडताना या विभागाचं मत घेतलं जात असेल, तर तिथे काम आहे.

कारण बांधकामात जबाबदारी खाली खाली सरकत जाते. कंपनी, ठेकेदार, उपठेकेदार, मुकादम आणि सगळ्यात शेवटी परांचीवर उभा असलेला माणूस. पूर्वी मी एका साइटवर मजुरांचा हजेरीपट पाहिला होता. सहीच्या रकान्यात चाळीस नावांपुढे चाळीस अंगठे, आणि सगळे एकाच माणसाचे! त्याच कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र शाळेची दप्तरं घेतलेली हसरी मुलं होती. दप्तरं खरी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण मजुरी कुणाच्या हातात पडते, हे त्या अहवालात कुठेच नव्हतं.

ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत आठव. २४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळली आणि १,१०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं. वरचे मजलेही विनापरवाना चढवलेले. अशा वेळी 'काम थांबवा' म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे आणि तो वापरणाऱ्याची नोकरी शाबूत राहते का, मला तरी खरा सीएसआर इथेच दिसतो.

इथे तुझी पदवी वाया जात नाही, उलट कामाला येते. सिमेंटचंच बघ. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला साधारण ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भट्टीच्या इंधनातून नाही, तर तापवलेल्या चुनखडीतूनच बाहेर पडतो. कुठल्या स्लॅबमध्ये सिमेंटऐवजी किती फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रातल्या कोळशाची राख) चालेल, हे सांगणारी व्यक्ती शंभर रोपं लावणाऱ्यापेक्षा जास्त कार्बन वाचवते.

म्हणून पदव्युत्तर पदवी आत्ताच नको. आधी दोन वर्षं साइटवर काढ, शक्यतो सुरक्षा किंवा गुणवत्ता विभागात. आयएसओ ४५००१ या सुरक्षा मानकाचं ऑडिटर प्रशिक्षण त्याच काळात होऊन जाईल. पुढे विस्थापितांच्या पुनर्वसनाकडे ओढा वाटला, तर समाजकार्य जरूर शीक; तिथे त्याला पर्याय नाही.

जाता जाता एक. आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीचं मानक २०१० मध्ये आलं. ते फक्त मार्गदर्शक आहे, त्याचं प्रमाणपत्र देतच नाहीत. एखाद्या कंपनीच्या भिंतीवर ते फ्रेम करून लावलेलं दिसलं, तर पुढचे प्रश्न जरा खोदून विचार.