जुन्या एस.यू. कार्ब्युरेटरच्या स्क्रूचे आटे कसे ओळखावेत?

आपल्या एम.जी. टी.डी. या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या एस.यू. कार्ब्युरेटरमधील सक्शन चेंबरचा (वरच्या घुमटाकृती भागाचा) एक स्क्रू हरवला आहे, उरलेल्या स्क्रूचा व्यास ४.६५ मिमी भरतो आणि दुकानातून आणलेला एम-५ (५ मिमी मेट्रिक) स्क्रू दीड फेऱ्यांनंतर अडतो, असे आपण लिहिले आहे. तो स्क्रू आता आणखी फिरवू नये, ही पहिली विनंती. एम-५ ची पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांतले अंतर, ०.८ मिमी आणि जुन्या ब्रिटिश २ बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) आट्यांची पिच ०.८१ मिमी, त्यामुळे जाड स्क्रूही जुन्या खाचांच्या वाटेने आत शिरतो आणि जाताना मऊ मिश्रधातूतील आटे खरवडत जातो.

आपला स्क्रू २ बी.ए. असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, परंतु केवळ ४.६५ या आकड्यावरून तसा निर्णय घेता येणार नाही. २ बी.ए.चा मूळ व्यास ४.७ मिमी, ३/१६ इंच बी.एस.एफ.चा (ब्रिटिश बारीक आटे) ४.७६ मिमी आणि १०-३२ यू.एन.एफ.चा (युनिफाइड बारीक आटे) ४.८३ मिमी. प्रत्यक्षातला स्क्रू मूळ मापापेक्षा थोडा बारीकच असतो आणि सत्तर वर्षे वापरलेला तर अधिकच, म्हणून तिन्हींपैकी कोणताही स्क्रू व्हर्नियर मापकावर ४.६५ दाखवू शकतो. शेवटच्या दोन्हींत इंचाला ३२ आटे, म्हणजे पिच ०.७९ मिमी. दहा आट्यांवर २ बी.ए.शी फरक जेमतेम ०.१६ मिमी पडतो आणि एवढ्याशा स्क्रूला दहा आटे मिळतातच असे नाही.

येथे आट्यांचा कोन कामी येतो. बी.ए.चा कोन ४७.५ अंश, व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश जाड आटे) आणि बी.एस.एफ.चा ५५ अंश, तर यू.एन.एफ.चा आणि मेट्रिकचा ६० अंश असतो. आपला स्क्रू तारेच्या ब्रशने नव्हे, तर रॉकेल आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने स्वच्छ करावा. मग माप खात्रीने माहीत असलेल्या नव्या २ बी.ए. स्क्रूच्या आट्यांत त्याचे आटे बसवून दोन्ही उजेडासमोर धरावेत आणि भिंगातून पाहावे. आटे एकच असतील तर पूर्ण लांबीत फट दिसत नाही. वेगळे असतील तर एका टोकाला जुळलेले दात दुसऱ्या टोकाला सरकलेले दिसतात. मी यासाठी प्रत्येक मापाचा एकेक नवा स्क्रू चिठ्ठी लावून डबीत ठेवला आहे, आणि पिच गेजपेक्षा त्या डबीवर माझा विश्वास अधिक आहे. छिद्र तपासतानाही तोच नवा स्क्रू केवळ बोटांनी फिरवावा. तो तळापर्यंत मोकळा गेला आणि फारसा डुगडुगला नाही, तर माप बरोबर आहे.

गाडीच्या सालावरून आटे ठरवू नयेत. ब्रिटिश मोटारींचे मोठे बोल्ट १९५० च्या दशकात हळूहळू यू.एन.एफ.कडे वळले, तरी कार्ब्युरेटरसारख्या सुट्या भागांवरील बारीक स्क्रू त्यानंतरही पुष्कळ काळ बी.ए. राहिले. आपल्या गाडीत तर आणखी एक गुंता आहे, आणि तो मला फार रंजक वाटतो. आपल्या गाडीचे इंजिन बनवणाऱ्या मॉरिस या ब्रिटिश मोटार उत्पादकाने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतील कारखाना घेतला आणि त्याबरोबर तेथील फ्रेंच मेट्रिक आट्यांची परंपराही आली. म्हणून टी.डी.च्या एक्स.पी.ए.जी. इंजिनाच्या अनेक बोल्टांना डोकी व्हिटवर्थ पान्याची, पण आटे मेट्रिक असतात. त्यांतील ८ मिमी बोल्टांची पिच १ मिमी असते, तर आज दुकानात मागितलेला एम-८ बहुधा १.२५ पिचचा मिळतो. मॅनिफोल्डचे (इंजिनाला जोडलेल्या वायुनळ्यांचे) स्टड बदलताना पान्याच्या मापावर विसंबू नये ते याचसाठी.

पेट्रोल नळीच्या जोडांवर बी.एस.पी. (ब्रिटिश पाइप) आटे आढळले तर गोंधळू नये. ते माप नळीच्या पोकळीवरून पडलेले आहे. म्हणून पाव इंच बी.एस.पी.चा बाहेरचा व्यास १३.१६ मिमी असतो आणि इंचाला १९ आटे असतात.

माप २ बी.ए.च ठरले आणि छिद्रातले आटे थोडेच दुखावले असतील तर २ बी.ए.चा टॅप (छिद्रात आटे पाडायचे हत्यार) तेल लावून, हाताने आणि सरळ रेषेत अलगद फिरवला की बहुधा भागते. पूर्ण गेले असतील तर २ बी.ए.चे तारेचे इन्सर्ट (छिद्रात बसणारी आटेदार गुंडाळी) बसवावे. एम-५ चा टॅप मारणे सोपे आहे, पण उरलेल्या स्क्रूंहून वेगळा असा एक स्क्रू तेथे कायमचा राहील, आणि पुढे ते कार्ब्युरेटर उघडणारा कारागीर आज आपण अडलात तेथेच अडेल.