विचार बदलले म्हणजे गद्दारी झाली का?

"आप्पा तीन आठवडे माझ्याशी बोललेले नाहीत. आणि खरं सांगू, त्यांचं चुकलंय असंही मला छातीठोक म्हणता येत नाही."

डोंबिवली एमआयडीसीत पावडर कोटिंगचा छोटा कारखाना चालवणारे बावन्न वर्षांचे गृहस्थ समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत हे बोलले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील ऐंशीच्या घरातले, मूळचे साताऱ्याकडचे. लालबागच्या चाळीत राहून गिरणीच्या साचेखात्यात घाम गाळलेले, लाल बावट्याचे. निवडणुकीच्या आठवड्यात जेवताना मुलगा म्हणाला की युनियनमुळेच कारखाने बुडतात, आणि आप्पा भरल्या पानावरून उठले. जाताना एवढंच म्हणाले, "मालकाची भाषा बोलायला लागलास."

ही काळजी घेऊन येणारे पुष्कळ असतात. काहींना वडील बदलल्याचं दुःख असतं, काहींना स्वतः बदलल्याचं. दोन्हींत पहिली तपासणी एकच करायची: बदल किती काळात झाला? वर्षानुवर्षं हळूहळू झाला असेल तर तो आयुष्याचा भाग आहे. काही आठवड्यांतच माणूस पार बदलला, झोप उडाली, घरच्यांवर संशय घेऊ लागला, पैसे उधळू लागला, किंवा उतारवयात त्याच्या जोडीला विसरभोळेपणाही आला, तर तो राजकारणाचा प्रश्न मानू नये. आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. इथे तसं काही नव्हतं.

मग एक फुलस्केप कागद आडवा धरला. वयाच्या पंधराव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे उभे रकाने आखले आणि चार ओळी केल्या: कुठे राहत होतो, उठबस कोणाबरोबर होती, घरात पैसा कुठून येत होता, आणि राजकारणाबद्दल काय वाटत होतं. चौथी ओळ सगळ्यात शेवटी भरायची. ती आधी भरली की स्मरणशक्ती गंडवते, कारण आजचं मत माणूस नकळत मागे ढकलतो. १९७३ साली अमेरिकेत शाळकरी मुलांवर झालेल्या एका प्रयोगात हे स्पष्ट दिसलं होतं. चर्चेतून ज्यांची मतं फिरवली गेली, त्यांना आपलं आधीचं मतही नव्या मतासारखंच आठवत होतं. म्हणून आधी जागा, माणसं, पैसा, आणि मग मत.

या गृहस्थांच्या कागदावर तिशीनंतरच्या रकान्यांत उठबस बदललेली दिसली. चाळीतले मित्र सुटले. त्यांच्या जागी जॉबवर्क देणारे, बँकेचे लोक, शेजारचे कारखानदार आले. एखादं पुस्तक वाचून किंवा वादात हरून मत बदलल्याची एकही नोंद नव्हती. बहुतेकांच्या कागदावर ती नसते. अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजात थिओडोर न्यूकम यांनी १९३० च्या दशकात विद्यार्थिनींचा अभ्यास केला. जुन्या वळणाच्या श्रीमंत घरांतल्या या मुली तिथल्या वातावरणात उदारमतवादी झाल्या. पंचवीसेक वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बहुतेकींची मतं टिकून होती, कारण नवरा आणि मैत्रिणीही त्याच विचारांच्या मिळाल्या होत्या. माणूस मत धरून ठेवतो ते बरंचसं सोबतीच्या आधारावर. हे ऐकून काहींना कमीपणा वाटतो. वाटू नये. डोळ्यांसमोर जे रोज घडतं त्यावरून शिकणं हा काही स्वार्थ नाही.

पण गृहस्थांचा प्रश्न अजून उरलाच होता: मग मी गद्दार का नाही? इथे तीन गोष्टी सुट्या कराव्या लागतात: मूल्य, धोरण आणि पक्ष. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांमध्ये पगारवाढ होती, तशी बदली कामगारांना, म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत तात्पुरतं काम मिळणाऱ्यांना, कायम करण्याचीही होती. आप्पांचं मूल्य तिथे आहे: कष्टकऱ्याला उद्याची खात्री हवी. मुलाला विचारलं, "हे तुम्हाला पटतं?" पटत होतं. कायद्यातला किमान ८.३३ टक्के बोनस द्यायला ते एकदाही चुकले नव्हते. पक्ष बदलला होता. युनियनबद्दलचं मतही खरोखरच बदललं होतं आणि ते लपवायला आम्ही सांगितलं नाही. पण चोवीस कामगारांपैकी सहा कंत्राटी आहेत, हे त्यांनी कागदाकडे बघत स्वतःहून सांगितलं.

आप्पांशी बोलण्याचा पहिला प्रयत्न फसला. रविवारी, पाहुण्यांच्या देखत, कागद हातात घेऊन गृहस्थ 'मी का बदललो' हे समजावायला बसले. म्हाताऱ्या माणसाला ती कोर्टातली बाजू मांडणी वाटली. दुसऱ्या वेळी नियम ठरवले. दोघंच, संध्याकाळच्या चहानंतर, टीव्ही आणि मोबाइल बंद, वीस मिनिटं. वेळ संपली की विषय अर्ध्यावर सोडायचा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस राजकीय फॉरवर्ड बंद. 'का' विचारायचं नाही, कारण त्याने माणूस बचावाला उभा राहतो. 'कधी', 'कुठे', 'सोबत कोण होतं' असं विचारायचं. त्याने प्रसंग आठवतात.

सुरुवात साताऱ्यापासून करायला सांगितली. क्रांतिसिंह नाना पाटील काँग्रेसमध्ये होते, प्रतिसरकारचे म्होरके होते, मग शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. आप्पांच्या घरात त्यांना कुणी गद्दार म्हटलं नव्हतं. त्यावरून आप्पा आपल्या वडिलांवर आले. ते काँग्रेसचे, आणि आप्पांनी लाल बावटा धरला तेव्हा दोन वर्षं गावाकडून पत्र आलं नव्हतं.

चौथ्या बैठकीत आप्पांनी संपाची गोष्ट काढली. पोरं उपाशी राहायला लागली तेव्हा ते भिवंडीत एका यंत्रमागावर रात्रपाळीला जात होते. युनियनला आणि चाळीत पत्ता लागू दिला नव्हता. वीस मिनिटं संपली होती, पण मुलानं घड्याळ पाहिलं नाही.

दोघांचं मतदान आजही वेगळं आहे. आप्पा आता कारखान्यात येऊन बसतात आणि दर भेटीत एकच विचारतात, "ते सहा जण कायम कधी करणार?" दोघांना गेल्या महिन्यात करून झालंय. उरलेल्या चौघांवर बापलेकांचा वाद चालू आहे, पण जेवणाचं पान सोडून कुणी उठत नाही.