सोलापूरहून विमानाने मुंबईला जाताना सिक्युरिटीच्या आधी पटकन चहा-नाश्ता कुठे करावा?

एका वाक्यात सांगायचं तर गेटच्या आत शिरण्याआधी, गावातच करून निघा. आपलं होटगी रोडचं विमानतळ छोटं आहे, मुंबईसारखी दुकानांची रांग इथे शोधू नका. मी आसरा चौकात गाडी थांबवतो, टपरीवर एक कडक चहा नि गरम भजी. भज्यांचा कागद तेलाने पारदर्शक होईपर्यंत पोटोबा शांत झालेला असतो. वेळेचं भान मात्र ठेवा, अनेक कंपन्यांचा चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतो.

सोडायला आलेल्या मंडळींबरोबर चहा प्यायचा असेल तरी बाहेरच प्या. तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत.

आता खरी गोम. शेंगाचटणी आणि लोणचं हातातल्या बॅगेत नको. तिखटाची पूड आणि लोणचं केबिनमध्ये चालत नाही, आणि आपल्या चटणीत तिखट किती असतं ते तुम्हाला ठाऊकच. एकदा मावशींनी बांधून दिलेली पाव किलो चटणी माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात गेली, अजून चुटपुट लागते. चटणी-लोणचं चेक-इनच्या बॅगेत टाका. कडक भाकरी मात्र बिनधास्त हातात घ्या, फक्त खाली दाबली जाऊ देऊ नका, चुरा होतो.