शकुंतलेचं ओसाड स्टेशन

प्रश्न : मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनवरचं एक जुनं स्टेशन परवा बघितलं. छप्पर गेलंय, रुळांत बाभळी वाढल्यात, जवळपास वस्तीही फारशी नाही. एवढ्या आडबाजूला स्टेशन बांधलंच कशाला? आणि ही लाइन सरकारची नव्हती म्हणतात ते खरं का?

उत्तर : हो, खरंय. आणि बांधलं कापसासाठी! वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांत, यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली, त्यामुळे ती स्टेशनं बघताना पॅसेंजरच्या आधी कापसाच्या गाठी डोळ्यांपुढे आणा. खर्च कमी म्हणून नॅरोगेज, दोन रुळांत अंतर फक्त २ फूट ६ इंच, म्हणजे हे डबे मेन लाइनवर जाऊच शकत नव्हते, मूर्तिजापूरला सगळा माल उतरवून ब्रॉडगेजच्या, म्हणजे मेन लाइनच्या रुंद रुळांवरच्या गाडीत परत भरायचा, केवढी हमाली झाली असेल ती!

लोकांनी गाडीला शकुंतला म्हणून आपलंसं केलं. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं, १९२३ पासून धावलं ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत, मग डिझेल आलं. कापूस जिथे जायचा तिथूनच इंजिन आलं, हे मला कायम लक्षात राहतं.

मालकीचं म्हणाल तर स्वातंत्र्यानंतर बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या पण ही लाइन कंपनीकडेच राहिली, गाड्या मात्र भारतीय रेल्वे चालवायची. माझ्या मते खरं दुखणं हेच, दुसऱ्याच्या रुळांवर मनापासून खर्च कोण करणार? रूळ थकले, स्पीड कमी होत गेला, एसटी आणि ट्रकने पॅसेंजर आणि माल दोन्ही नेलं. ब्रॉडगेज करा ही मागणी लोक अजून सोडत नाहीयेत, आणि सोडूही नये.

परत गेलात तर रुळाच्या बाजूवर हात फिरवून बघा, जुन्या रुळांवर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं, खडूने घासलं की वाचता येतं. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना एवढंच विचारा की तिकीट खिडकीवर मिळायचं की गार्डकडे. शेवटच्या काळात स्टेशनांवर स्टाफच नव्हता, गार्डच तिकिटं फाडायचा, तेव्हा तुमच्या स्टेशनची खिडकी साधारण कधी बंद झाली ते त्यांच्याकडूनच कळेल.