टर्बोच्या नळ्या जोडताना

भावा, गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) घरीच बसवलास, अवघड काम झालं. आता हवेच्या दाबाच्या नळ्यांची घाई करू नकोस.

- वेस्टगेटची (टर्बोचा दाब हद्दीत ठेवणारी झडप) नळी थेट कॉम्प्रेसर हाउसिंगच्या (टर्बोचा हवा दाबणारा भाग) निपलवरून घे, मध्ये टी (फाटा काढणारा जोड) नको. ती निसटली की वेस्टगेट उघडत नाही, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) चढतच जातो. माझी एकदा घाटात निसटली. बूस्टचा काटा बघून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला म्हणून पिस्टन वाचले.
- ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला (ॲक्सिलरेटर सोडला की अडकलेला दाब बाहेर सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डवरून (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) स्वतंत्र नळी.
- ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणारा डबा) वन-वे व्हॉल्व्ह काढू नकोस, नाहीतर बूस्ट त्यात शिरेल.

नवखे हमखास माशांच्या टाकीची नळी वापरतात. इंजिनच्या उष्णतेने ती मऊ पडून पिचकते. सिलिकॉनचीच घे, प्रत्येक टोकाला क्लिप लाव.

बूस्ट कमी-जास्त करणारा बूस्ट कंट्रोलर? तो नंतर. आधी गाडी नीट चालू दे.