जहाज बुडत असताना टायटॅनिकच्या हॅरॉल्ड ब्राइडसारख्या तरुण वायरलेसवाल्याला स्वतःची खरी ओळख पटली असेल का?

त्या रात्री तरी नाही. त्या रात्री त्याला तेवढी उसंतच नव्हती. ११:४० ला हिमनग लागला, २:२० ला जहाज गेलं. मधल्या वेळात त्याचा वरिष्ठ वायरलेसवाला जॅक फिलिप्स संदेश पाठवतोय आणि ब्राइड कप्तानाकडे निरोप घेऊन पळतोय. 'आता तुम्ही मोकळे' असं कप्तानानं सांगितल्यावरही फिलिप्स उठला नाही. तो काम करत असतानाच ब्राइडनं त्याच्या अंगात लाइफ जॅकेट अडकवलं.

ब्राइड तेव्हा २२ वर्षांचा होता. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला महापूर आला तेव्हा मीही २२ चाच, कृष्णाकाठच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फुटांवर धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. मला शाळेच्या वरच्या मजल्यावर फोनवर बसवलं होतं. मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचा आणि पोषण आहाराच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहायचं: नाव, गल्ली, माणसं किती, जनावरं किती, स्लॅब की पत्रा. पत्र्यावर बसलेल्यांना बोट आधी.

मळ्यातल्या एका आजींचा दर अर्ध्या तासाला फोन. "बोट निघाली का रं बाळा?" त्या स्लॅबवर होत्या, त्यांचा नंबर लांब होता. "निघालीय आजी." पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं, दुसऱ्यांदा मी जाणूनबुजून बोललो. सहाव्या फोनला त्यांनी बोटीचं विचारलंच नाही. "तू जेवलास का?" म्हणाल्या. साडेपाचला बोट त्यांच्यापर्यंत पोचली.

बोलताना माझा आवाज कापत नाही आणि फोन ठेवल्यावर हात कापतात, हे मला माझ्याबद्दल त्या दिवशी कळलं नाही. ते दिवाळीत कळलं. भाऊबीजेच्या पंगतीत काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरं गळ्याएवढ्या पाण्यात उतरली आन् तू फोन कानाला लावून बसलास." मी ताटावरून उठलो.

म्हणून सांगतो, ब्राइडला काही उमगलं असेल तर ते कार्पेथियावर, वाचलेल्यांना उचलायला आलेल्या जहाजावर. उलट्या झालेल्या होडीवर रात्र काढलेली, पाय जायबंदी, फिलिप्स गेलेला. तरी तिथल्या वायरलेसवाल्याच्या मदतीला बसून तो वाचलेल्यांचे निरोप पाठवत राहिला. पुढे स्कॉटलंडमध्ये विक्रेत्याची नोकरी केली आणि त्या रात्रीबद्दल बोलणं टाळलं. वाचलेल्या माणसाला 'तू काय केलंस' असं चारचौघांत विचारू नये. आणि जागेवर बसून निरोप पोचवणाऱ्याला भित्रा तर अजिबात म्हणू नये.

तिथे १५०० हून जास्त माणसं गेली. माझ्या वहीतलं एकही गेलं नाही. तेव्हा बरोबरी वयाची आणि कामाची, बाकी कशाची नाही.

ते रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर, चौथ्या ओळीत काकांचाच नंबर आहे. चार माणसं, दोन म्हशी, पत्रा. सकाळची पहिली बोट त्यांच्याकडे गेली ती मी तिथे 'पत्रा' लिहिलं होतं म्हणून.